मदत हवी आहे: बहिणीची इस्ट्रोजेन थेरपी आणि घरात गुठळीचा इतिहास

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण २६ वर्षांची आहे. जन्मनोंद मुलगा म्हणून झाली होती. मानसोपचारतज्ज्ञांनी जेंडर डिस्फोरियाचं (जन्मनोंदीतलं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळल्यानं होणारा त्रास) निदान केलंय आणि पुढच्या महिन्यात एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, पहिली भेट आहे. हार्मोन घ्यावेत की नाही हा प्रश्न मी इथे विचारत नाहीये. तो निर्णय तिचा आहे आणि तिनं तो घेतलाय. माझा जीव टांगणीला लागलाय तो आईमुळे. आईला चाळिशीच्या आतच पायातल्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसापर्यंत गेली होती. ते दिवस मी पाहिलेत.

दोन महिने मिळेल ते वाचतेय. कुणी म्हणतं काहीच धोका नाही, कुणी म्हणतं जिवाशी खेळ आहे. मला वाटतं, वेगवेगळ्या वयांचे आणि औषधांचे धोके लोक एकाच पोत्यात भरतात. मावशीनं इंग्लंडमधल्या २०२४ च्या कॅस अहवालाबद्दलचा लेख पाठवला. पुरावे कमकुवत आहेत असं त्यात म्हटलंय, त्याकडे मी डोळेझाक करत नाही. पण तो अहवाल लहान आणि किशोरवयीन मुलांच्या उपचारांबद्दल आहे.

गुठळ्यांचंही तसंच. नेदरलँड्समधल्या जुन्या नोंदींतला धोका वाचून माझ्या पोटात गोळा आला. नंतर कळलं की तेव्हा इथिनिल इस्ट्रॅडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन देत असत, आता ते यासाठी वापरत नाहीत. आता इस्ट्रॅडिओल, म्हणजे शरीरात तयार होतं तेच इस्ट्रोजेन, देतात. गोळी घेतली तर ते आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. पॅच किंवा जेलमधून थेट रक्तात उतरतं. तरी २०१८ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ट्रान्स स्त्रियांमध्ये गुठळ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं, आणि वर्षं सरली तसा फरक वाढत गेला. म्हणजे भीती अगदीच बिनबुडाची नाही.

इस्ट्रोजेनच्या जोडीला पुरुषी हार्मोन दाबायला देतात त्या सायप्रोटेरॉनबद्दलही विचारणार आहे. मेंदूच्या आवरणातल्या गाठीच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियामकानं २०२० मध्ये त्याच्या मोठ्या डोसवर निर्बंध आणले.

आणखी एक. मध्यंतरी तिनं डॉक्टरांना न विचारता, रक्त न तपासता गोळ्या मागवल्या होत्या. मी हिसकावून घेतल्या नाहीत, नुसती विनवणी केली. तिनं थांबवल्या. त्यामुळे या भेटीत नुसतं 'धोका आहे, नको' ऐकून परत यावं लागलं तर ती पुन्हा तिकडेच वळेल, ही मोठी धास्ती आहे.

घरात असा इतिहास असताना कुणी सुरुवात केली आहे का? रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषाची तपासणी आधी करून घेतलीत का? पुढे मूल हवं झालं तर म्हणून शुक्राणू गोठवून ठेवण्याचं कुणी बोललं होतं का?

प्रतिसाद १

ताई, मी सहा वर्षं पॅचवर आहे. माझ्या मामाला गुठळी झाली होती, म्हणून डॉक्टरांनी गोळीचं नावच काढलं नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे. पहिल्या भेटीत त्यांनी खोदून विचारलं ते मामाबद्दल: गुठळी कितव्या वर्षी झाली, त्याआधी शस्त्रक्रिया झाली होती का, अंथरुणाला खिळले होते का. आईंच्या बाबतीत बाळंतपण आणि गर्भनिरोधक गोळ्याही विचारतील. कारण सापडलं तरी आनुवंशिक दोष नाहीच असं होत नाही, पण पुढचा विचार बदलतो. फॅक्टर व्ही लायडन या आनुवंशिक दोषाची तपासणी करायची का, तेही त्यावरून ठरवतील. आईंचे जुने कागद न्याच.

शुक्राणूंचं मात्र पहिल्या डोसच्या आधीच उरकून घ्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं दुःख अजून आहे. आणि बहीण सिगारेट ओढत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. एकाच पायाला सूज आली किंवा अचानक धाप लागली तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

धागाकर्ती

मनापासून आभार. आईला आत्ताच विचारलं. ती तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. इतकी वर्षं आम्हा दोघींना हे माहीतच नव्हतं. गोळीचं नाव तिला आठवत नाही, पण तसल्या बहुतेक गोळ्यांमध्ये तेच इथिनिल इस्ट्रॅडिओल असतं. बहीण माळ्यावर चढलीय, आईची जुनी फाईल शोधायला.