अलास्का क्रूझ: आईसाठी चाकांचा वॉकर न्यायचा आहे, कोणता आणि कसा?

अबोली_के
नमस्कार. आईबाबा मे अखेरीस पुण्याहून सिॲटलला येत आहेत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सात दिवसांची अलास्का क्रूझ ठरली आहे. जुनो, स्कॅगवे, केचिकान, एक दिवस ग्लेशिअर बे आणि परतताना व्हिक्टोरिया.

आईचं वय ७६, उंची ४ फूट ११ इंच. डावा गुडघा बदललेला, उजवा झिजलेला. घरात काठी घेऊन चालते, पण दोनशे पावलांनंतर बसावं लागतं. कठडा धरून चार-पाच पायऱ्या चढते. रोज साडीच नेसते. केबिन साधी बाल्कनीची आहे, बुकिंग झालंय.

साधा चौपायी वॉकर घ्यावा की रोलेटर, म्हणजे चाकांचा, सीटवाला वॉकर? पुण्याहून आणावा की इथे घ्यावा? केबिनमध्ये मावतो का? आणि बंदरांवर त्याचा कितपत उपयोग होतो? माहितगारांनी सांगावं.

दर्यावर्दी_७
अबोली, आधी दाराचं माप बघा, वॉकर नंतर. साध्या केबिनचं दार बहुतेक जहाजांवर २२-२३ इंच रुंद असतं. अपंगांसाठीच्या खास केबिनचं दार ३२ इंचांच्या आसपास असतं. बाजारातला नेहमीचा रोलेटर उघडलेल्या अवस्थेत २३ ते २७ इंच रुंद भरतो. म्हणजे दारात अडकणार हे धरून चाला. आणि तो बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवता येत नाही. आगीच्या वेळी तीच सुटकेची वाट असते, त्यामुळे कर्मचारी तो उचलायलाच लावतात.

म्हणून रोलेटर घडी कसा होतो ते दुकानात स्वतः करून बघा. दोन प्रकार असतात. एक पुढून मागे मिटतो. तो पातळ होतो, पण रुंदी तेवढीच राहते, त्यामुळे अरुंद दारात काही फायदा नाही. दुसरा दोन्ही बाजूंनी आत मिटतो, मधे कात्रीसारखी फुली असते. सीटच्या मधला पट्टा वर ओढला की तो ९-१० इंचांवर येतो आणि भिंतीला न टेकवता उभा राहतो. दारात अर्धवट मिटवून, हँडल न सोडता आत नेता येतो. तुम्हाला हा दुसराच हवा. थोडा महाग पडतो, पण केबिनसाठी दुसरा पर्याय मला तरी दिसत नाही.

तीन चाकांचा अरुंद असतो खरा, पण त्याला सीट नसते आणि वळताना बाजूला कलंडतो. डुलणाऱ्या जहाजावर तो नको.

क्रूझ कंपनीला आजच फोन करून तुमच्या केबिन नंबरच्या दाराचं आणि बाथरूमच्या दाराचं माप मागा. दोन्ही वेगळी असतात, बाथरूमचं आणखी अरुंद. खास केबिन शिल्लक असेल तर बदलून मिळते का तेही विचारा. त्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात.

फिजिओ_मेधा
उंचीकडे विशेष लक्ष द्या ताई, अमेरिकेत इथेच बहुतेकांचं चुकतं. तिथल्या 'स्टँडर्ड' रोलेटरची हँडलं सगळ्यात खाली आणली तरी ३१-३२ इंचांवर राहतात. आईंना बहुधा २८ ते ३० इंच लागतील. माप घ्यायची पद्धत: नेहमीची पादत्राणं घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मनगटाच्या आतल्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे हँडलची उंची. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं, १५ ते ३० अंश. हँडल उंच असलं की खांदे वर उचलले जातात, मान आखडते आणि शरीराचा भार हातांवर येतच नाही. म्हणजे गुडघ्याला आराम शून्य.

सीटचंही तसंच. स्टँडर्ड सीट २०-२१ इंच उंच असते, त्यावर बसलं की बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात आणि उठताना गाडी मागे सरकते. 'पेटिट' किंवा 'ज्युनिअर' मापाचा मागा, १८ इंचांच्या आसपास सीट असलेला.

चौपायी वॉकर प्रत्येक पावलाला उचलून पुढे ठेवावा लागतो. दोनशे पावलांवर थकणाऱ्या व्यक्तीला जहाजाचे लांबलचक कॉरिडॉर त्याने झेपणार नाहीत. शिवाय बसायची सोय नाही. रोलेटरच घ्या, पण काठीही बरोबर ठेवा. उजवा गुडघा दुखरा आहे, तर काठी डाव्या हातात. बरेच जण दुखऱ्याच बाजूला धरतात, ते उलट आहे. काठीच्या टोकाचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं असेल तर बदला, ओल्या डेकवर तेवढंच काय ते घसरण्यापासून वाचवतं.

ब्रेक: लिव्हर वर ओढला की वेग कमी होतो, खाली दाबून 'टक्' आवाज आला की लॉक. बसण्याआधी दोन्ही बाजू लॉक करायच्या, मगच पाठमोरं होऊन सीट पायांना लागेपर्यंत मागे यायचं. सीटवर बसवून कुणी ढकलत नेणं पूर्ण बंद. रोलेटर व्हीलचेअर नव्हे, पुढची छोटी चाकं फटीत अडकली की माणसासकट उलटतो.

आणि साडी. मागची चाकं पायांच्या अगदी जवळ फिरतात. साडी घोट्याच्या वर नेसायची, पदर कमरेला खोचून पिन लावायची. पदराचं टोक ब्रेकच्या केबलमध्ये गुंतलं की झटकन ओढ बसते. उघड्या टाचेच्या चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत.

चेकइन_काउंटर
पुण्याहून आणायचा की नाही, याचं उत्तर वरच्या मापांमध्येच आहे. बाजूने मिटणारा, कमी उंचीचा तिथे सहज मिळाला तर आणा, नाहीतर सिॲटलला आधीच घेऊन, हँडल लावून तयार ठेवा. आई तीनेक आठवडे आधी येत आहेत, तेवढ्यात हात बसेल. पहिला सराव जहाजावर नको, एवढं मात्र पाळा.

आणलाच, तर अमेरिकेला येणाऱ्या विमानात चालण्याचं साधन सामानाच्या वजनात किंवा नगांत धरता येत नाही, त्याचे पैसे लागत नाहीत. विमानाच्या दारापर्यंत वापरायचा आणि तिथे टॅग लावून द्यायचा. देण्याआधी बास्केट, उशी, कप होल्डर काढून हँडबॅगेत टाका, सुटणाऱ्या वस्तूच हरवतात. मधे विमान बदलायचं असेल तर तो ट्रान्झिटच्या गेटवर हवा की सिॲटललाच, हे टॅग लावणाऱ्याला स्पष्ट सांगा. फ्रेमवर मजबूत चिकटपट्टीने नाव आणि फोन लावा.

विमानतळावरच्या मदतीसाठी तिकिटात योग्य कोड घाला. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे लांबचं चालणं जमत नाही, पण विमानाचा जिना चढता येतो. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे जिनाही जमत नाही. एजंट सवयीने पहिला टाकून देतात. आईंना चार-पाचच पायऱ्या जमतात म्हणता, तर दुसरा हवा. नाहीतर बसने विमानापाशी नेऊन जिन्यासमोर उभं करतील.

उत्तरायण
बंदरांबद्दल लिहितो. अलास्काची एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. या तिन्ही बंदरांत जहाजं सहसा थेट धक्क्याला लागतात. भर समुद्रात छोट्या होडीत उतरावं लागणं, जे ग्रीसच्या सांतोरिनीला होतं, ते इथे क्वचित. होडी असली तर रोलेटर मिटवून कर्मचारी उचलतात, पण माणसाला उचलत नाहीत. होडी हलत असताना पाऊल स्वतः टाकावं लागतं.

इथली खरी अडचण भरती-ओहोटीची. जुनोला भरती आणि ओहोटीच्या पातळीत सरासरी १६ फुटांचा फरक असतो, उधाणाला २० फुटांच्याही वर जातो. मुंबईच्या उधाणापेक्षा जास्त. धक्का पक्का असेल तर जहाज वरखाली होतं आणि गँगवेचा, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायच्या पुलाचा, उतार तासातासाला बदलतो. सकाळी सपाट वाटलेला गँगवे दुपारी खडा होतो. जुनोत तरंगते धक्केही आहेत. तिथे जहाजाचा गँगवे फारसा बदलत नाही, पण तरंगत्या धक्क्यावरून किनाऱ्यावर जाणारा पूल ओहोटीला तीव्र होतो. म्हणून आपल्या तारखेचं भरतीचं वेळापत्रक आधी बघा. 'नोआ' या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. जायची-यायची वेळ भरतीच्या आसपास धरा. अमावास्या-पौर्णिमा टाळून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेले दिवस मिळाले तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी तारीख बदलायला मी सांगणार नाही.

गँगवेवर आडव्या पट्ट्या असतात, ६ इंची चाकं त्यांवर अडखळतात, ८ इंची बरी. उतरताना रोलेटर शरीराजवळ ठेवून ब्रेक हलके दाबत जायचं, गाडी पुढे पळू द्यायची नाही. उतार खडा वाटला तर दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगा, तो रोलेटर खाली नेऊन देतो. आईंनी एका हाताने कठडा, दुसऱ्याने काठी धरायची. तुम्ही उतरताना त्यांच्या पुढे राहा, चढताना मागे.

जुनो: मेंडेनहॉल हिमनदीला नक्की न्या. फोटो पॉइंटची पायवाट पक्की आहे, एका बाजूने साधारण पाव-एक तृतीयांश मैल. रोलेटरवर दोन-तीनदा बसत आरामात होते. नगेट धबधब्याची वाट लांब आणि खडीची, ती सोडा. माउंट रॉबर्ट्सचा रोपवे धक्क्याजवळूनच सुटतो.

स्कॅगवे: व्हाइट पास रेल्वे. वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढते आणि शिखरापर्यंतच्या फेरीत खाली उतरावं लागत नाही, सगळं खिडकीतून दिसतं. आईंसाठी याहून चांगली सहल नाही. डब्याच्या पायऱ्या मात्र उंच आणि अरुंद आहेत. लिफ्ट असलेला डबा मिळतो, पण बुकिंग करतानाच सांगावं लागतं.

केचिकान: वर्षाला सुमारे १५० इंच पाऊस. महाबळेश्वरपेक्षा कमी, पण तिथला बाराही महिने पडतो. क्रीक स्ट्रीट म्हणजे खांबांवर उभारलेला लाकडी रस्ता, ओला झाला की गुळगुळीत. तिथे ब्रेक लावले तरी चाक फळीवरून सरकतं. पाऊस असेल तर क्रीक स्ट्रीट लांबूनच बघा. काही जहाजं गावाबाहेर वॉर्ड कोव्हला लागतात, तिथून बसने यावं लागतं. तुमचं कुठे लागतं ते तपासा.

बसच्या सहलींत रोलेटर पोटातल्या सामानकप्प्यात जातो. मिटवून किती लांब-रुंद होतो ते बुकिंगला कळवा.

अबोली_के
खूप आभार सगळ्यांचे. कंपनीकडून माप आलं: केबिनचं दार २३ इंच, बाथरूमचं २१, खास केबिन शिल्लक नाही. बाथरूमला उंबरठा आहे म्हणतात. त्याचं काय करावं? आणि भाऊ म्हणतो की जहाजावर व्हीलचेअर मिळतेच, मग रोलेटर कशाला?

दर्यावर्दी_७
जहाजावरची व्हीलचेअर चढताना-उतरताना आणि तातडीच्या वेळी मिळते. दिवसभर वापरायला देत नाहीत. भावाला तेवढं सांगा.

बाथरूम: रोलेटर दाराबाहेर ब्रेक लावून ठेवायचा, आत न्यायचा प्रयत्न नको. उंबरठा काही इंचांचा असतो, रात्री झोपेत तिथेच ठेच लागते. छोटा बॅटरीचा दिवा आत ठेवा आणि उंबरठ्यावर उजळ रंगाची चिकटपट्टी लावा, निघताना काढून टाकता येते. चढताना चांगला पाय आधी, म्हणजे डावा. उतरताना दुखरा आधी. अंघोळीसाठी स्टूल आणि कमोडची उंच सीट कंपनीच्या मदत कक्षाकडून मागवा. महिना-दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं, आयत्या वेळी शिल्लक नसतात. व्हॅक्यूमने चिकटणारे हँडल विकत घेऊ नका. फायबरच्या खडबडीत भिंतीवर ते धरून राहत नाही आणि नेमकं भार टाकल्यावर सुटतं.

बाल्कनीच्या दाराला आणि उघड्या डेकच्या दारांनाही उंबरठा असतो. डेकचं दार वाऱ्याने जोरात आपटतं, आधी दुसऱ्याने धरून ठेवायचं.

फिजिओ_मेधा
समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी रोलेटर केबिनमध्येच मिटवून ठेवा. जहाज कललं की चाकं उताराच्या दिशेने निघतात, आणि ब्रेक दाबला तरी तोल गाडीबरोबर जातो. तेव्हा कॉरिडॉरचा कठडा आणि काठी हेच बरं, सोबत एक माणूस. केबिनमध्येही ब्रेक लॉक करूनच ठेवायचा, रात्री घरंगळत येऊन पलंगापाशी थांबतो आणि अंधारात पायात येतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी ब्रेक तपासा. लॉक करून ढकलून बघा, चाक फिरलं तर केबल सैल झाली आहे. ब्रेकपट्टी आणि चाकात एक-दोन मिलिमीटर फट हवी. केबलच्या टोकाची छोटी नट सैल करून ॲडजस्टर थोडा थोडा फिरवा, पुन्हा तपासा, मग नट घट्ट करा. त्या मापाचा पाना आणि ॲलन की बॅगेत ठेवा.

उत्तरायण
दोन गोष्टी राहिल्या. पहिली, सिॲटलच्या धक्क्यावर हमालाकडे सामान देताना रोलेटर देऊ नका. बॅगा केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येत राहतात.

दुसरी, जहाजावर पोचल्याबरोबर स्वागतकक्षात नाव नोंदवा की संकटाच्या वेळी जिना उतरायला मदत लागेल. अशा वेळी लिफ्ट बंद असतात. जमायची जागा तुमच्या केबिनपासून किती मजले वर-खाली आहे ते पहिल्याच दिवशी आईंना लिफ्टने नेऊन दाखवा.

चेकइन_काउंटर
अबोली, वॉकरशी संबंध नाही, पण राहून जाईल म्हणून लिहितो. व्हिक्टोरिया कॅनडात आहे. आईबाबांचे पासपोर्ट भारतीय असतील तर कॅनडाचा व्हिजा लागेल, जहाजातून उतरणार नसले तरी चढतानाच कागद तपासतात. अर्ज केला नसेल तर या आठवड्यात करा.