मंडपवाल्यानं कोणता विमा काढावा? बजेट 12 हजार

परभणी_मंडप: मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. सहा पोरं, एक पिकअप, एक जनरेटर. एक मंगल कार्यालयवाला म्हणायलाय, लायबिलिटीची (आपल्यामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारी) पॉलिसी दाखवा, नाहीतर या लग्नसराईत मंडप टाकू देणार नाही. वर्षाला 12 हजारांच्या वर जमणार नाही. काय काढू?

जालन्याचा_गडी: 12 हजारांत काय येतंय राव? मी सगळं मिळून चाळीसच्या पुढं भरतो. निवांत झोप लागते.

लातूर_लाईटवाला: कशाला एवढे? बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या, 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा. सहा पोरांचे 120, काम फत्ते.

नांदेडकर: लाईटवाले भाऊ, ते 2 लाख पोराच्या घरी जातात. मंडपाचा पाईप पाहुण्याच्या डोक्यात पडला अन् त्यानं दावा लावला तर? तिथं पब्लिक लायबिलिटी लागते. तिच्यात स्वतःचे कामगार धरत नाहीत. त्यांच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी वेगळी काढावी लागते.

बीड_शेतकरी: विम्याचं नावच काढू नका. सोयाबीन पाण्यात सडलं अन् खात्यात आले ते चहापाण्याचे.

जालन्याचा_गडी: दादा, इथं मंडपाचं चालू आहे.

बीड_शेतकरी: मंडपाचं काय वेगळं होणार आहे?

संभाजीनगर_कॅटरिंग: तसंच झालं आमच्याकडं! अवकाळीचं वारं सुटलं, कमान पाईपासकट नवरदेवाच्या मामाच्या गाडीवर. काच गेली, बोनेट चेपलं. कंपनी म्हणे वादळ पॉलिसीत नाही, ते कव्हर जादा पैसे भरून घ्यावं लागतं. एजंटानं आधी शब्द काढला नव्हता. म्हणून वादळ-पुराचं कव्हर लेखी मागा. अन् एका घटनेला किती, वर्षभरात किती, हे दोन्ही आकडे बघा. जेवण तुम्हीच देत असाल तर विषबाधेचंही विचारा.

लातूर_लाईटवाला: पिकअपचा थर्ड पार्टी आहे ना? त्यात पाहुणे येतात की.

नांदेडकर: पिकअप धडकली तर येतात. मंडप पडला तर नाही. कॅटरिंगवाले, पुण्याच्या विमा लोकपालाकडं गेलात का? एकट्याच्या मालकीच्या धंद्याची तक्रार घेतात. फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार द्यायची, अन् तिनं नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

संभाजीनगर_कॅटरिंग: मामांनीच विषय सोडला. सोयरीक आडवी आली.

नांदेडकर: परभणीवाले, आधी पोरांचं बघा. दहाच्या आत माणसं, म्हणजे ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही, सगळं तुमच्या गळ्यात. 30 वर्षांचा, महिना 15 हजारांचा पोरगा कामावर दगावला तर कायद्याच्या सूत्रानं पगाराचा निम्मा गुणिले त्या वयाचा ठरलेला आकडा 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. महिन्याच्या आत दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. हप्ता वाचवायला पगार कमी लिहू नका, क्लेमच्या वेळी तोच कागद पुढं येतो.

जालन्याचा_गडी: मी तेच म्हणत होतो. दोन्ही काढा, चाळीस लागू द्या.

परभणी_मंडप: सगळ्यांचे आभार. कार्यालयवाल्याचा आज परत फोन आला. पब्लिक लायबिलिटीच काढायलो, छोट्या रकमेची, वादळाचं कव्हर टाकून. बजेट तिथंच संपलं. कामगारांचं सराईचे पैसे आल्यावर बघू. तोवर पोरांचे 20-20 भरतो.

नांदेडकर: ट्रसवर (मंडपाच्या लोखंडी सांगाड्यावर) चढतात पोरं, अन् विमा खाली जेवणाऱ्यांचा. बघा बुवा.

लातूर_लाईटवाला: शेवटी माझंच ऐकलं ना!