शांतता दिन: आठवण कोणाची आणि कशी?

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

२१ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय शांतता दिन आहे. त्यानिमित्त शांततेसाठी आयुष्य वेचलेल्यांचं स्मरण करावं, असं कार्यकारिणीत ठरलं. गांधीजी, विनोबा आणि मार्टिन लूथर किंग यांच्या प्रतिमा, दोन मिनिटं मौन, मग एक भाषण, असा बेत आहे. सूचना जरूर कळवा.

प्रेषक: वाचनगटाची एक सभासद

मौन पाळूच. पण प्रतिमेपाशीच थांबलो तर ही सगळी नुसती सज्जन माणसं वाटतात. ती नेमकं काय करत होती, ते सांगायला हवं. किंग यांचं स्वप्नाचं भाषण अनेकांना पाठ आहे, पण ४ एप्रिल १९६८ ला गोळी लागली तेव्हा ते मेम्फिसमध्ये का होते? तिथल्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते. विनोबांना १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीच्या दलितांनी सांगितलं, कसायला जमीन हवी. ऐंशी एकरांची मागणी होती, गावातल्याच रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. तिथून विनोबा भूमिहीनांसाठी जमिनीचं दान मागत वर्षानुवर्षं गावोगाव चालत राहिले. जमिनीचं भांडण पेटल्यावर शांततेचा उपदेश करण्यापेक्षा ते आधीच सोडवायला निघालेला माणूस, म्हणून मला ते फार मोठे वाटतात.

आणखी दोन नावं घ्या, अशी मनापासून विनंती. वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी. वसंतराव अहमदाबादच्या मराठी कुटुंबातले. दोघेही काँग्रेसचे कार्यकर्ते, एकमेकांचे जिवलग. १ जुलै १९४६ ला शहरात दंगल पेटली असताना ती शमवायला निःशस्त्र बाहेर पडले आणि दोघेही मारले गेले. गुजरातेत त्यांचं नाव वसंत-रजब असं जोडूनच घेतात. आपल्याकडे ते फारसं कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई, तुमचं म्हणणं पटलं, पण एक गोष्ट मला सतावते. वसंत-रजब गेले आणि पुढच्याच वर्षी फाळणीचा रक्तपात झाला. ऑस्ट्रियन लेखिका बेर्था फॉन झुटनर यांनी युद्धाविरुद्ध जन्मभर लिहिलं, १९०५ चं शांततेचं नोबेल मिळवलं. २१ जून १९१४ ला त्या गेल्या आणि आठवड्यात सारायेव्होत पहिल्या महायुद्धाला निमित्त ठरलेली गोळी झाडली गेली. मुलं विचारतील, मग उपयोग काय झाला? काय सांगायचं त्यांना?

प्रेषक: वाचनगटाची एक सभासद

काका, विचारू देत ना! अपयश झाकून ठेवलं तर मुलांना या कामाची किंमत कळणारच नाही.

त्यांना मी बर्नाडोट आणि बंच यांची गोष्ट सांगेन. स्वीडनचे फोल्क बर्नाडोट यांनी १९४५ मध्ये नाझी छळछावण्यांमधून हजारो कैद्यांना पांढऱ्या बसगाड्यांतून बाहेर काढण्याची मोहीम चालवली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी अरब-इस्रायली युद्धात मध्यस्थ म्हणून पाठवलं. १७ सप्टेंबर १९४८ ला जेरुसलेममध्ये त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचे सहकारी राल्फ बंच यांनी अर्धवट राहिलेलं काम उचललं आणि १९४९ मध्ये इस्रायलचे इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांच्याशी एकेक करून युद्धविराम करार घडवून आणले. कायमचा तह झाला नाही, पुढे युद्धं झालीच. तरी त्या वेळी तोफा थांबल्या, आणि त्यामुळे किती घरांतली माणसं जिवंत राहिली असतील! झुटनरबाईंच्या बाबतीत मात्र असं उत्तर माझ्याकडे नाही. त्यांचं दुःख आहे तसंच सांगावं.

प्रेषक: दुसरा एक सभासद

याच आठवड्यातली आणखी एक तारीख. १८ सप्टेंबर १९६१ ला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड काँगोतल्या युद्धविरामाच्या बोलणीसाठी जात असताना आताच्या झांबियातल्या एन्डोलाजवळ विमान कोसळून गेले. त्याच काँगोत डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले भारतीय कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शांतिसेनेतल्या सैनिकांना विसरू नये. मी त्यांच्यावर बोलेन.

प्रेषक: कार्यवाह

सर्वांचे आभार. एका मोठ्या भाषणाऐवजी चार छोटी निवेदनं ठेवू: विनोबा, वसंत-रजब, बर्नाडोट-बंच आणि शांतिसैनिक. काका, झुटनरबाईंवर तुम्ही बोलाल का? मग पाच होतील. मुलांच्या प्रश्नांसाठी शेवटी वेळ राखून ठेवते आहे.