बाहेरून किती लाख आणले यावर प्राध्यापक मोजायचा का?

(सोलापूरकरांच्या गप्पांचा धागा. 'साखर पेठ', 'केगाव रोड' ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

साखर पेठ

परवा आमच्या स्टाफच्या व्हॉट्सॲप गटावर एक यादी पडली. कुणी बाहेरून किती संशोधन निधी आणला, विभागवार, लाखांत. वर रसायनशास्त्र, मग भौतिक, मग वनस्पती. तळाला मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, आणि प्रत्येकापुढे ठसठशीत शून्य. खाली टाळ्यांची रांग. वरून प्राचार्यांची सूचना आली, 'शून्यवाल्यांनी प्रेरणा घ्यावी.'

मी शून्यवाला. इतिहास शिकवतो. प्रेरणा घेतली आणि हा धागा काढला.

निधी म्हणजे कामाला येणारा खर्च. ज्याचा खर्च जास्त त्याचं काम मोठं, हा हिशोब कुठल्या बाजारातला? रसायनवाल्याला यंत्र लागतं, त्याला लाखो रुपये पडतात, मान्य. मला कुडलला जायला एसटीचं तिकीट लागतं आणि शिलालेखाचा ठसा घ्यायला कागद. हत्तरसंग कुडलचा शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018 चा शिलालेख घ्या. भीमा-सीनेच्या संगमावरचा, 'वाछि तो विजेया होइवा' (वाचेल तो विजयी होईल) वाला. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. तो उजेडात आणणारे आपल्या सोलापूरचे आनंद कुंभार प्राध्यापकसुद्धा नव्हते. गावोगाव हिंडून दगड वाचणारा माणूस. या यादीत ते कुठे बसले असते?

आणि हे खूळ फक्त प्राचार्यांचं नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नेमणूक-बढतीच्या नियमावलीतला गुणांचा तक्ता काढून बघा. शोधनिबंधाला विज्ञानवाल्यांना 8 गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांना 10. म्हणजे दोन्हीकडची कामाची जात वेगळी आहे, हे त्यांना कळतं. पण प्रकल्पाशी आलं की सगळ्यांना एकच रेघ. 10 लाखांवरचा प्रकल्प पूर्ण केला तर 10 गुण, खालचा असेल तर 5. एवढी समज होती तर इथे कुठे गेली?

केगाव रोड

सर, अशाच एका यादीत (दुसऱ्या कॉलेजच्या) वरच्या टोकाला मी आहे. रसायनशास्त्र. त्यामुळे माझं बोलणं त्या हिशोबाने घ्या.

तुम्ही तक्ता अर्धाच वाचला. तुमच्या एका निबंधाला 10 गुण. मी प्रस्ताव लिहिणार, दोनदा परत येणार, तिसऱ्यांदा मंजूर होणार, मग 3 वर्षं राबणार, हिशोब देणार, आणि शेवटी मला 10 गुण. एका निबंधाइतके! तक्रार मी करायची की तुम्ही?

दुसरं. बाहेरचा पैसा मला का आवडतो ते सांगतो. इथे कोण कुणाचा पाहुणा, कोण कुठल्या गटाचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रस्ताव दिल्लीला गेला की वाचणाऱ्याला त्यातलं काही ठाऊक नसतं. माझा पहिला प्रस्ताव नाकारला तेव्हा समीक्षकाने लिहिलं होतं की तुमच्या पद्धतीत तुलनेसाठी नमुनाच नाही. चार दिवस जेवण गेलं नाही. पण बरोबर होतं. इथे इतक्या वर्षांत ते मला कुणी म्हटलं नव्हतं, कारण इथे कुणी वाचलंच नव्हतं.

तिसरं आणि मुख्य. यादीतले लाख माझ्या खिशात येत नाहीत. त्यातून एक मुलगा उभा राहतो. जेआरएफची, म्हणजे पीएचडी करणाऱ्याला मिळणाऱ्या फेलोशिपची, रक्कम 2023 च्या जानेवारीपासून महिना 37,000 झाली. करमाळ्याकडचा मुलगा, घरी केळी, भाव पडला की वडील 'परत ये' म्हणायचे. फेलोशिप लागली आणि ते फोन थांबले.

बाळीवेस

दिल्लीतल्या समीक्षकाला पाहुणा ठाऊक नसतो. पीएचडीचा गाईड ठाऊक असतो.

केगाव रोड

असतो, नाही म्हणत नाही. म्हणूनच राज्य विद्यापीठांसाठी वेगळी रांग असावी लागते. एसईआरबीने, म्हणजे विज्ञानाच्या प्रकल्पांना पैसे देणाऱ्या केंद्राच्या मंडळाने, 'शुअर' नावाची योजना काढली होती ना, 3 वर्षं, 30 लाखांपर्यंत, आयआयटीवाल्यांना त्यात जागाच नाही. आपण आपल्यासारख्यांशी स्पर्धा करायची.

दमाणी नगर

मी प्राध्यापक नाही. एका कॉलेजच्या अकाउंट विभागात नोकरी केली, आता निवृत्त. तुम्ही दोघं मंजुरीपर्यंतचं बोलता. मंजुरीनंतरचं मी पाहिलंय.

पत्र येतं, पेढे वाटतात, फोटो पेपरात. पैसे नंतर येतात, आणि तेही हप्त्याने. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, सीएच्या सहीचं खर्चपत्रक, हे गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. त्यात हेड, म्हणजे ठरवून दिलेलं खर्चाचं खातं, बदलायचं नाही. प्रवासात उरले म्हणून रसायनात घालता येत नाहीत. रसायनवाले सर टेबलावर हात आपटायचे, 'पैसे माझ्या प्रकल्पाचे ना?' मी म्हणायचो, 'सर, पैसे हेडचे. प्रकल्प तुमचा.' खात्यावर पडून राहिलं त्याचं व्याजसुद्धा परत करायचं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर तीन कोटेशनं गोळा करायला विद्यार्थी दुकानादुकानात पळायचे.

मधल्या काळात फेलोचं काय? हप्ता अडकला की पोराचा पगार अडकला. एका सरांनी सात महिने स्वतःच्या पगारातून पोराला पैसे दिलेत, मला माहीत आहे, कारण ते कुठल्या हेडला दाखवायचे हे विचारायला ते माझ्याकडेच आले होते. कुठल्याच हेडला दाखवता आले नाहीत.

त्यात 2022 च्या जुलैत संशोधनाच्या यंत्रांवरची जीएसटीची सवलत गेली, 5 चे 18 टक्के झाले. मंजूर रक्कम तीच. म्हणजे यंत्र एक नंबर खालचं घ्यायचं. आणि यंत्र आलं तरी देखभालीचा करार प्रकल्पापुरता. प्रकल्प संपला की तो कोण भरणार? आमच्याकडच्या एका यंत्रावर शेवटी चादर पडली. सोलापुरीच. टिकाऊ.

यादी करायची तर अशी करा की आलेल्यापैकी किती यंत्रं आज चालू आहेत. मग वर कोण आणि खाली कोण, बघू.

माळदांडी

दमाणी नगर काका, हे छापून दारावर लावायला पाहिजे.

पण साखर पेठ सरांना एक आठवण. 'बाहेरच्या निधीवाचून काम होतं' हे दगडापुरतं ठीक, ज्वारीला ते लागू नाही. 1933 साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी तेव्हाच्या शेती संशोधनाच्या इंपीरियल कौन्सिलने पाच ठिकाणं निवडली, सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक. तो बाहेरचाच पैसा. आज आपण बांधबंदिस्ती, काळ्या रानात ओल धरून ठेवणं, दोन ओळींत अंतर जास्त ठेवणं हे जे सहज बोलतो, त्यामागे त्या वेळच्या नोंदी आहेत. वर्षानुवर्षं रोज पाऊस मोजायचा, मातीतली ओल मोजायची, हे कुणी खिशातून करत नाही. माळदांडी 35-1 हे आपल्या मोहोळचं ज्वारीचं वाण, तेही अशाच चिकाटीच्या निवडीतून आलेलं. अजून पेरतात.

आता आजच्या निधीबद्दल. प्रकल्प 3 वर्षांचा. रब्बी ज्वारी वर्षातून एकदा. म्हणजे हातात तीन सुग्या. त्यातली एक दुष्काळात जाणार हे सोलापुरात कुणीही सांगेल. एकीत मंजुरीचं पत्र उशिरा आल्याने पेरणी हुकणार. राहिली एक. एका सुगीवर निष्कर्ष काढा आणि निबंध छापा! त्यामुळे माझी तक्रार पैसा बाहेरचा असण्यावर नाही, त्याला दम नाही यावर आहे.

होटगी नाका

या सगळ्यात नवीन काय चाललंय ते कुणी बोलेना. एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला पैसे देणारी केंद्राची नवी संस्था. तिचा कायदा 2023 चा, एसईआरबी तिच्यात विलीन झालं. 5 वर्षांत 50,000 कोटी म्हणतात, पण त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, उद्योगांकडून येणार असं धरलंय. सोलापुरात याचा अर्थ काय? टॉवेलचा कारखानदार रंगाच्या सांडपाण्यावर पैसे देईल, त्याला प्रदूषण मंडळाची नोटीस टाळायची असते. डाळिंबवाला तेल्या रोगावर देईल, बाग जाते त्याची. विणकराच्या आठवणींवर कोण देईल? कायद्यात मानव्यशास्त्रांचा उल्लेख आहे म्हणे, विज्ञानाशी जिथे सांधा जुळतो तिथपर्यंत. सांधा जुळवत बसा.

साखर पेठ

होटगी नाका, नेमकं बोललात. विणकरांच्या आठवणी हेच माझं काम. सोलापूरच्या पूर्व भागात, हातमागावर बसलेल्या शेवटच्या पिढीतली पद्मशाली म्हातारी माणसं. तेलंगणातून कुणाचे आजोबा आले, कुठल्या मिलमध्ये लागले, मिल बंद पडल्यावर घरात माग कसा टाकला. 60 मुलाखती झाल्यात. रुपया न घेता. कुणाचं प्रमाणपत्र नको, हेड नको, चादर टाकायला यंत्रही नको. केगाव रोड सर, हे संशोधन नाही का?

केगाव रोड

आहे की. मी कधी नाही म्हटलं? मी एवढंच म्हणतोय की त्यासाठी आयसीएसएसआर, सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसे देणारी परिषद, आहे, 1969 पासून आहे. अर्ज केलात कधी?

साखर पेठ

एकदा. परत आला. पुन्हा नाही केला.

केगाव रोड

माझे दोन परत आले होते.

पूर्व भागातली पोरगी

साखर पेठ सर, एक विचारू का? रुपया न घेता म्हणालात. रुपया न देता पण ना?

राग मानू नका. तुमच्याबद्दल बोलत नाही, तुम्हाला मी ओळखत नाही. एमए करताना मी एका सरांसाठी अशाच मुलाखती उतरवून दिल्यात. घरात आम्ही तेलुगू बोलतो, सरांना येत नव्हती. म्हाताऱ्यांचं तेलुगू पण इथलं, त्यात मराठी-कन्नड मिसळलेलं, हैदराबादच्या माणसालाही चटकन लागायचं नाही. एक तास बोलणं ऐकून मराठीत उतरवायला मला सहा-सात तास लागायचे. मागाचा आवाज मागे चालू, तो वेगळाच. पुस्तक आलं, प्रस्तावनेत आभार आले, नाव चुकीचं छापलं.

आजी अजून विड्या वळते. तिला हजार विड्यांमागं मजुरी मिळते, कमी का होईना, दर ठरलेला आहे, त्यासाठी मोर्चे निघालेत. मला कशामागंच काही नव्हतं. आजी विचारायची, 'रात्रभर कानाला लावून बसतीस, किती पडतात गं?' मी म्हणायचे, अभ्यास हाय आजी.

तुमच्या यादीतलं शून्य तुमच्यापुढं आहे. ते भरून काढलं कुणी?

बाळीवेस

पोरी, तुझं खरं आहे, पण उलटी बाजू पण बघ. प्रकल्पवाल्या सरांकडची पोरं काय सुखात असतात? दमाणी नगर काकांनी सांगितलंच की, पगार महिनोन्महिने नाही. शिवाय सरांच्या पोरीचा शाळेचा फॉर्म भरायला, बँकेत चेक टाकायला कोण जातं? फेलोच. निधी आला म्हणून माणसाची वृत्ती बदलते असं नाही.

पूर्व भागातली पोरगी

वृत्ती नसेल बदलत. पण अडकलेला पगार मागता येतो, कागद असतो. माझ्याकडं मागायला काय होतं?

दमाणी नगर

हे बरोबर आहे. अडकलेला पैसा मी सोडवलेला आहे. मंजूरच नसलेला पैसा मला कधी सोडवता आला नाही.

साखर पेठ

दोन दिवस इथे आलो नाही. मुद्दामच.

माझ्या 60 मुलाखतींपैकी 41 तेलुगूत आहेत. त्या दोन विद्यार्थ्यांनी उतरवल्या. मी त्यांना चहा पाजला, शिफारसपत्रं दिली, एकाला दिवाळीत घरी जेवायला बोलावलं. पैसे दिले नाहीत. मला तसं सुचलंही नाही. एसटीचं तिकीट आणि कागद एवढाच खर्च, असं मी वर लिहिलंय, ते तुमचं वाचल्यावर पुन्हा वाचलं.

यादीबद्दलचं माझं मत मात्र तेच. लाखांच्या उतरंडीने विभाग लावणं चूक आहे, 10 लाखांची एकच रेघ चूक आहे, आणि कुंभारांबद्दल जे म्हटलं ते मी मागे घेत नाही. त्यांनी स्वतःच्या पायांनी फिरून केलं. मी दुसऱ्याच्या कानांनी केलंय, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

केगाव रोड सर, परत आलेला अर्ज काढलाय. अंदाजपत्रकात प्रवास, पुस्तकं, झेरॉक्स, संगणक आहे. माणूस कुठेच नाही. समीक्षकाने शेरा मारला होता, 'तेलुगू मजकूर कसा हाताळणार, स्पष्ट नाही.' तेव्हा वाटलं होतं, दिल्लीत बसून यांना काय कळतंय.

केगाव रोड

माणसाचा हेड पहिला टाका. संगणक काढलात तरी चालेल, विभागातला वापरा. आणि माणसाला तीन कोटेशनं लागत नाहीत.

होटगी नाका

टेंडर काढा, सगळ्यात कमी दराचा आजोबा निवडा.

साखर पेठ

पूर्व भागातल्या ताई, उतरवण्याचा दर काय लावावा? मला खरंच अंदाज नाही. मिनिटामागे की पानामागे?

पूर्व भागातली पोरगी

पानामागं नको सर, पानं फुगवतात. रेकॉर्डिंगच्या तासामागंही नको, काही म्हातारे तासात दहाच वाक्यं बोलतात आणि काही श्वास घेत नाहीत. बसलेल्या तासामागं लावा. आकडा रात्री कळवते, आजीला विचारून. मजुरी ठरवण्यात आमच्या घरात तिचाच हात बसलेला आहे.