सोलरवर उडणारी विनापायलट विमानं, यात करिअर होतं का? मेकॅनिकलवाला आहे

विश्रामबागचा_पंखा:
नमस्कार मंडळी, सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मागच्या वर्षी फोमचं दोन मीटर पंखाचं विमान केलं, आता त्यावर सोलर सेल लावायचेत आणि पुढं यातच काम करायचंय. घरचे म्हणतात ड्रोन म्हणजे लग्नातलं शूटिंग, त्यात कसलं करिअर. एरोस्पेसची डिग्री लागतेच का? आणि आधी ड्रोन पायलटचा कोर्स करू का?

चाळकेवाडीचा_वारा:
मी साताऱ्याचा, मेकॅनिकलच केलंय, नऊ वर्षं बंगळुरात हेच करतोय. डिग्रीचं सोड, आधी हिशोब कर. तुझ्या पंखावर धरून चाल ०.४ चौरस मीटर सेल बसले, भर दुपारी चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊन, सेल २२ टक्क्यांचे, म्हणजे उन्हातल्या तेवढ्याचीच वीज करणारे, म्हणजे ८८ वॅट, गळती जाऊन सत्तरेक. दोन किलोचं नीट केलेलं विमान २५ वॅटवर तरंगतं, म्हणून दिवसा मजाच मजा. पण रात्रीही वरच राहायचं तर? २५ गुणिले १२ तास म्हणजे ३०० वॅट-अवर, चांगल्या लिथियम सेलला किलोमागं २५० धर, झाली सव्वा किलोची बॅटरी, आणि विमान किती किलोचं म्हणालो? दोन. आमची सगळी नोकरी या एका भांडणात जाते बघ. माझी पहिली दोन वर्षं तर फक्त बॅटरी पॅक चार्ज-डिस्चार्ज करण्यात आणि प्रोपेलर स्टँडवर फिरवून आकडे लिहिण्यात गेली, विमान लांबूनच बघायचो.
वजन कमी करायला पंख लांब आणि हलका केला की तो वाकतो. नासाचं सोलर विमान हेलिओस २००१ ला साडेएकोणतीस किलोमीटर वर गेलं, पंख ७५ मीटरचा, आणि २००३ ला हवाईजवळ हेलकाव्यात तोच पंख इतका वाकला की तुकडे होऊन समुद्रात. उलट एअरबसचं सोलर विमान झेफायर २०२२ ला ६४ दिवस वर राहिलं. आपल्याकडं एनएएल या सरकारी विमान संशोधन संस्थेनं २०२४ ला कर्नाटकातल्या चळ्ळकेरेत अशाच विमानाचं छोटं मॉडेल उडवलंय.
कोर्सचे पैसे वाचव, २ किलोच्या आत आणि धंद्यासाठी नसेल तर पायलट सर्टिफिकेट लागत नाही.

तासगावचा_बागायतदार:
मधेच विचारतो, मग आमच्या फवारणीच्या ड्रोनवर का लावत नाहीत सोलर? दहा-बारा मिनिटात बॅटरी बसते राव, ऐन छाटणीनंतर फवारणीच्या गडबडीत डोकं फिरतं.

चाळकेवाडीचा_वारा:
दादा, त्याला पंख नाहीत, औषधासकट सगळं वजन मोटरांनीच उचलून धरायचं, दहा लिटरवाला सहज तीन किलोवॅट खातो. तेवढं पॅनेल म्हणजे तुमच्या विहिरीवरचा सोलर पंपच उचलून न्यायचा. बांधावर दोन जादा सेट ठेवा, तेच बरं.

विश्रामबागचा_पंखा:
मग सेल कुठले घेऊ?

चाळकेवाडीचा_वारा:
साधे नको, पापडासारखे मोडतात. वाकणारे मिळतात, महाग आहेत. पण आधी विमान काट्यावर ठेव, सेलचं नंतर.

विश्रामबागचा_पंखा:
आत्ता आईच्या स्वयंपाकातल्या काट्यावर ठेवलं. सगळ्यांना दीड किलो सांगत होतो, २ किलो १४० भरलं. सेल लावायच्या आधीच.