शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी गच्चीवर काय लावू? (सोलापूर)

जुळे सोलापूरची आई:
मुलगा सहा वर्षांचा आहे. मागे ओठ सुजून श्वास लागला, तपासणीत शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. आता सोलापुरात राहून शेंगा बंद म्हणजे काय, ते इथल्या बायकांना सांगायला नको. चटणी गेली, शेंगापोळी गेली, वांग्यातलं, दोडक्यातलं कूट गेलं. पोरगं नुसतं वरण-भाकरी खातंय. कुटाशिवायच्या भाजीला हात लावत नाही. गच्ची मोठी आहे, ऊन रग्गड, पण नळाला रोज पाणी नाही. त्याला पोटभर खाता येईल असं काय लावू? आणि मेथी, गवार हीसुद्धा शेंगेच्याच कुळातली, तीही बंद करायची का?

विजापूर रोड:
चुका, पालक, अंबाडी लावा, लवकर येतात. कढीपत्ता आणि शेवगा एकदा लागले की बघायला नको. मेथी-गवारीचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

आजी, अक्कलकोट रोड:
अगं, माझ्या नातीला हीच ॲलर्जी आहे. सुनेच्या वयाची दिसतेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

बी आणायच्या आधी माती बघ. आपल्याकडे कुंडीत शेंगदाण्याची पेंड घालायची पद्धत आहे. ती पेंड म्हणजे तेल काढून उरलेला शेंगदाणाच, त्यात प्रथिन भरपूर, आणि ॲलर्जी प्रथिनाचीच असते. पोरगं मातीत हात घालणार आणि तोच हात तोंडात घालणार. तयार माती घेतलीस तर त्यात काय घातलंय ते नर्सरीवाल्याला स्पष्ट विचार. मिश्रणात शेंगांची टरफलंही असतात. भाजीसाठी जुनी पोती वापरणार असशील तर शेंगांची घेऊ नकोस. मी निंबोळी पेंड आणि गांडूळखत एवढंच वापरते.

आता कुटाचं. लाल भोपळा लाव. मोठी पिशवी घे, वेल कठड्यावर सोड. भाजी तर मिळतेच, पण मला त्याच्या बिया हव्या असतात. बिया धुवून सावलीत वाळवायच्या, सोलायच्या, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायच्या, मग जाडसर कुटायच्या. भरल्या वांग्यात हे कूट घातलं की रस्सा दाट होतो आणि तेलही सुटतं. शेंगांची चव येत नाही, हे आधीच सांगते. पण नात ताट पुसून खाते. मात्र या बिया आणि तीळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. शेंगदाण्याबरोबर काही मुलांना तिळाचीही ॲलर्जी असते.

भोपळ्याला फुलं येतात आणि फळ धरत नाही, ही गच्चीवरची नेहमीची रड. सकाळी लवकर वर जा. लांब सरळ देठाचं ते नरफूल. ज्याच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा इवलासा भोपळा दिसतो ते मादीफूल. नरफुलाच्या पाकळ्या काढून त्यातला पिवळा दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरव. उन्हं चढली की फूल मिटतं. एप्रिल-मेच्या उन्हात बरीचशी नरफुलंच येतात, म्हणून बी पहिल्या पावसावर टाक.

दुसरी करडई. तेलाची नाही, पाल्याची! सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकायची, पानं कोवळी आहेत तोवर खुडायची, काटे धरले की गेली. पाणी कमी लागतं, आपल्या जिल्ह्याचंच पीक ते. लसणाच्या फोडणीत तांदळाच्या कण्या घालून कर.

जुळे सोलापूरची आई:
आजी, नर्सरीतून आणलेली माती गच्चीवर पडूनच आहे, उद्याच विचारते. तेलाचं काय करू? आम्ही घाण्यावरचं करडईचं तेल आणतो.

आजी, अक्कलकोट रोड:
त्याच घाण्यावर शेंगाही काढत असतील तर बंद कर. घाण्याच्या तेलात प्रथिनाचा अंश उतरतो, आणि तळल्या-भाजल्याने ही ॲलर्जी जात नाही. मिक्सरचं भांडं, खलबत्ता, पाटा वेगळा ठेव. लाकडी उखळाच्या भेगांत मुरलेलं निघत नाही.

पोरं सांभाळणारी, होटगी रोड:
मेथी-गवारीबद्दल लिहिते, कारण माझ्या भाच्याच्या बाबतीत हाच घोळ झाला. घरच्यांनी आपणहून सगळ्या डाळी बंद केल्या आणि मूल वाळलं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तूर, मूग चालतात. काहींना हरभरा, मसूर चालत नाही. मेथीचा त्रासही काहींना होतो, त्यात मेथीदाणा आला, लोणच्याचा मसाला आला. तुमचा मुलगा वरण खातोय ना? मग ते बंद करू नका. बाकीच्या एकेका पदार्थाचं ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, घरी चाखवून बघू नका. आणि एकदा श्वास लागला होता म्हणताय, तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायचं का, ते आधी विचारा. शाळेतही लेखी कळवा.

आजी, अक्कलकोट रोड:
हिचं ऐक. आणि संक्रांतीला शेजारून भोगीची भाजी आली तर त्याच्या ताटात जाऊ देऊ नकोस, तीत शेंगा आणि तीळ दोन्ही असतात. आपल्या गच्चीवरच्या वांग्या-गाजराची वेगळी करून त्याला वाढ. भोपळ्याचं घरचं बी माझ्याकडे आहे, हवं असेल तर सांग.