मदत हवी आहे: आईला संडासवर ताबा राहत नाही, 'पेसमेकर' बसवलेलं कुणी आहे का?

विषय अवघड आहे, पण घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

आई ६३ वर्षांची, साताऱ्याला असते. माझ्या जन्माच्या वेळी चिमटा (फोर्सेप्स) लावला होता, तेव्हा खाली बरंच फाटलं. टाके घातले, विषय संपला. पाळी गेल्यावर हळूहळू ताबा सुटत गेला आणि तिने कुणाला सांगितलं नाही. पुण्याला यायचं असलं की आदल्या दुपारपासून जेवायची नाही. "तुझी एकादशी बरी एसटीच्या आदल्या दिवशीच येते," असं मी चेष्टेने म्हटलं आणि ती रडायलाच लागली. पिशवीत जुन्या साडीच्या घड्या असायच्या, त्या कशाला ते तेव्हा कळलं.

इसबगोल, लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी), बायोफीडबॅक (यंत्रावर बघत स्नायू आवळायचा सराव) सगळं झालं. आतून केलेल्या सोनोग्राफीत गुदद्वाराचा बाहेरचा स्नायू थोडा तुटलेला दिसतो. सर्जन म्हणतात, तरीही सेक्रल नर्व्ह स्टिम्युलेशनचा, म्हणजे वर लिहिलेल्या 'पेसमेकर'चा, उपयोग होऊ शकतो. माकडहाडाच्या वरच्या हाडातल्या छिद्रातून नसेजवळ बारीक तार सोडायची, एकदोन आठवडे बाहेरच्या यंत्राने चाचणी, आणि त्रास निम्म्याने तरी घटला तरच कुल्ल्यात कातडीखाली बॅटरी. नाही जमलं तर तार काढायची, हे मला पटलं. भावाने गुदद्वाराभोवती बसवायच्या फुगणाऱ्या कृत्रिम पट्ट्याचं वाचलं होतं. त्यात जंतुसंसर्ग होऊन काढावा लागण्याचं प्रमाण फार होतं म्हणे.

अडलंय ते असं. चाचणीत रोज वही लिहायचीय आणि आई "बरंय" एवढंच लिहिणार. मांडी घालून बसल्यावर बॅटरी टोचते का? आणि साधी घ्यावी की चार्जिंगवाली? साधी जुन्या मॉडेलात साधारण पाच वर्षांत बदलावी लागते, नव्या मॉडेलात दहा वर्षं किंवा जास्त टिकते, चार्जिंगवाली साधारण पंधरा वर्षं चालते, पण आईचा फोनसुद्धा मीच चार्जिंगला लावते.

प्रतिसाद:
मला बसवून चार वर्षं झाली. वही सोडा, कॅलेंडरवर टिकल्या लावा: कपडे खराब झाले तर लाल, वेळेत पोचलं तर हिरवी. चाचणीत वाकणं, बादली उचलणं बंद, तार सरकते. बॅटरी परकराची नाडी बसते त्या रेषेच्या खालच्या बाजूला येईल अशी आणि झोपायच्या कुशीच्या विरुद्ध बाजूला बसवायला सांगा, मला नाडी वर्षभर काचत होती. मांडीचा त्रास नाही. एमआरआय चालेल का ते मॉडेलवर असतं, आधीच विचारून घ्या.

धागाकर्ती:
टिकल्यांचं आईला सांगितलं. म्हणाली, लाल नको, निळी आण, लाल मी कपाळाला लावते.